कोटेशनमध्ये हँडलिंग, किट आणि डीलरचाच विमा: यातलं काय काढता येतं?

कोथरूडकर
पहिलीच नवी गाडी घ्यायची आहे. पुण्यातच पासिंग, पेट्रोल, ११९७ सीसी, चार मीटरच्या आतली हॅचबॅक. शोरूमने दिलेलं कोटेशन:

एक्स-शोरूम ८,४०,०००
आरटीओ १,०२,०००
विमा (झिरो डेपसह) ४६,५००
एक्स्टेंडेड वॉरंटी १६,०००
ॲक्सेसरी किट १४,९००
हँडलिंग/लॉजिस्टिक्स ८,५००
फास्टॅग ६००
ऑन-रोड १०,२८,५००

यावर रोख सूट १५,०००, आणि महिनाअखेरच्या आत बुक केली तर २०,००० च्या ॲक्सेसरीज फुकट असं सांगतात. कर्ज ८ लाख, ५ वर्षं. शोरूमचा फायनान्सवाला "५ टक्के फ्लॅट" म्हणतो, माझी बँक ९ टक्के म्हणते. गाडी दसऱ्याला घरी आणायची आहे. घासाघीस नेमकी कशावर करायची, आणि आधी कशाबद्दल बोलायचं?

हिशेबी
"सूट किती देता?" हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. १५ हजार एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या चार ओळींतून ३० हजार काढून घ्यायचे, असं तुमच्या कोटेशनमध्ये चाललं आहे. म्हणून एकेक ओळ घेऊन बोला.

एक्स-शोरूम किंमत कंपनी ठरवते, त्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, सेस (वरचा उपकर) नाही. बिलावर सीजीएसटी ९ आणि एसजीएसटी ९ दिसले पाहिजेत. इंटरनेटवरचे जुने हिशेब २८ टक्के आणि सेस धरून केलेले आहेत, त्यांच्याशी तुलना करू नका.

आरटीओ: महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के. ८,४०,००० वर ९२,४००. नोंदणी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००, स्मार्ट कार्ड २००, वर पोस्टाचा किरकोळ खर्च. बेरीज ९४,७०० च्या आसपास. तुमच्याकडे १,०२,००० मागितलेत. "वरचे सात हजार कशाचे?" एवढंच विचारा आणि सांगा, की सरकारच्या वाहन पोर्टलवरच्या पावतीइतकेच पैसे देईन. ही पावती तुमच्या गाडीच्या नावाने निघते आणि ती मागायचा तुम्हाला हक्क आहे. "एजंटचा खर्च" हे उत्तर मान्य करू नका. नव्या गाडीची नोंदणी डीलर स्वतःच ऑनलाइन करतो.

हँडलिंग: हा सरकारी कर नाही, कंपनीच्या किंमतपत्रकातही नाही. गाडी शोरूमपर्यंत आणायचा खर्च एक्स-शोरूममध्ये धरलेला असतो. ही ओळ पूर्ण काढायला लावा, अर्धी करून घेऊ नका.

किट: एकीकडे १४,९०० चं किट विकत आणि दुसरीकडे २०,००० च्या ॲक्सेसरीज फुकट! सरळ म्हणा, "फुकटातलंच किट बसवा आणि १४,९०० ची ओळ काढा." किंवा ॲक्सेसरीज नकोत, त्याऐवजी ८-१० हजार रोख सूट वाढवा. वीस हजार हा छापील किमतीचा आकडा आहे, डीलरला तो माल बराच स्वस्त पडतो. म्हणून रोख सूट केव्हाही बरी.

नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले नाहीत, ते बरोबरच आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, गाडीच्या किमतीतच मिळते. कोणी टीसीएस (विक्रेत्याने गोळा करायचा आयकर) लावला तर तो १ टक्का १० लाखांवरच्या गाडीला असतो आणि इथे किंमत ८,४०,००० आहे, ऑन-रोडचे दहा लाख त्यासाठी मोजत नाहीत.

आता कर्ज. ५ टक्के फ्लॅट म्हणजे फेड होत गेली तरी मूळ ८ लाखांवरच व्याज, ५ वर्षांचं २,००,०००, हप्ता १६,६६७. बँकेचं ९ टक्के घटत्या शिलकीवर असेल तर हप्ता १६,६०७, एकूण व्याज साधारण १,९६,४००. म्हणजे "९" हा "५" पेक्षा स्वस्त आहे. दर ऐकून ठरवू नका. हप्ता, हप्त्यांची संख्या, प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी फेडल्यास दंड किती, हे चार आकडे लिहून घ्या. कर्जाच्या रकमेत "लोन सुरक्षा" नावाचा विमा मिसळलेला नाही ना, तेही पाहा. हप्ता कमी दिसावा म्हणून ७ वर्षं सुचवतील. ९ टक्क्यांनीच तो १२,८७१ होतो खरा, पण व्याज २,८१,००० च्या वर जातं.

ओडी_टीपी
विम्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे सुटतात.

४६,५०० हा एक आकडा घेऊन बोलणंच होऊ शकत नाही. फोड मागा: टीपी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा), ओडी (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा), ओडीवरची सूट, प्रत्येक ॲड-ऑन (वरचं जादा कव्हर), पीए कव्हर (मालकाचा अपघात विमा), १८ टक्के जीएसटी. नव्या कारला टीपी तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. १००० ते १५०० सीसीला त्याचा दर १०,६४० ठरलेला आहे, कोणत्याही कंपनीकडे तोच. फरक पडतो तो ओडी आणि ॲड-ऑनमध्ये. ओडी एका वर्षाचाच घ्या.

आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत, बघा. नव्या गाडीला एक्स-शोरूमच्या ९५ टक्के, म्हणजे तुमच्याकडे ७,९८,०००. हप्ता स्वस्त दाखवायला काही जण आयडीव्ही खाली आणतात. गाडी चोरीला गेली तर तेवढेच हातात येतात. दोन कोटेशनची तुलना आयडीव्ही आणि ॲड-ऑन सारखे करूनच करा.

झिरो डेप (क्लेममध्ये सुट्या भागांचा घसारा न कापणारं कव्हर) घ्या, वर्षाला किती क्लेम चालतात ते वाचून. इंजिनच्या नुकसानीचं कव्हर, इंजिन प्रोटेक्ट, पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूरकडे घेण्यासारखं आहे. तुंबलेल्या पाण्यात गाडी बंद पडली आणि पुन्हा स्टार्टर मारला तर सिलिंडरमध्ये पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि साध्या पॉलिसीत हे नुकसान बहुतेक वेळा नाकारलं जातं. कन्झ्युमेबल्स (ऑइल, कूलंट, नट-बोल्ट अशा वस्तूंचं कव्हर) स्वस्त असतं, घ्या. किल्ली हरवण्याचं, सामान हरवण्याचं वगैरे काढून टाका. पीए कव्हर १५ लाखांचं तुमच्या नावावर आधीच असेल तर पुन्हा घ्यायची गरज नाही, पण तसं लिहून द्यावं लागतं.

डीलरकडूनच विमा घ्यायची सक्ती करता येत नाही. "बाहेरचा घेतलात तर आमच्याकडे कॅशलेस होणार नाही" असं म्हणतील. कॅशलेस, म्हणजे दुरुस्तीचं बिल विमा कंपनीने थेट भरणं, हे विमा कंपनी आणि त्या वर्कशॉपच्या करारावर असतं. विमा कंपनीच्या संकेतस्थळावर नेटवर्क गॅरेजच्या यादीत त्या वर्कशॉपचं नाव आहे का पाहा, आणि असलं तर स्क्रीनशॉट दाखवा. "मग रोख सूट मिळणार नाही" असं म्हणाले, तर ती सूट कंपनीच्या योजनेतली आहे की डीलरची, ते लेखी मागा.

बाहेरचं कोटेशन १२ हजारांनी कमी आलं आणि शोरूमने दोन हजारांच्या फरकाने तेच कव्हर दिलं, तर मी शोरूमचंच घ्या म्हणेन. क्लेमच्या वेळी धावपळ कमी होते. बाहेरून घ्यायचा असेल तर चेसिस आणि इंजिन नंबर नोंदणीच्या आधी मिळायला हवेत आणि पॉलिसीवर बँकेचं नाव बोजासकट हवं. चेसिस नंबरमध्ये एक अक्षर चुकलं तरी पासिंग अडतं.

घाटमाथा
कोणती सूट कोणाच्या खिशातून येते हे कळलं की बोलणं सोपं होतं. रोख सूट, एक्स्चेंज बोनस, कॉर्पोरेट (ठरावीक कंपन्यांच्या नोकरदारांसाठीची), स्क्रॅपेज (जुनी गाडी भंगारात दिल्याची) या बहुतेक कंपनीच्या महिन्याच्या योजना असतात. त्या बोलून वाढत नाहीत, फक्त तुम्ही पात्र आहात का ते विचारायचं. नोकरीचं ओळखपत्र असेल तर कॉर्पोरेटचं आठवणीने विचारा, आपणहून क्वचित सांगतात. वाढते ती डीलरच्या मार्जिनमधली सूट, आणि ती देणं सेल्स एक्झिक्युटिव्हच्या हातात नसतं. शेवटचा आकडा सेल्स मॅनेजरसमोर बसूनच घ्या.

आणखी एक. योजना बुकिंगच्या तारखेला नाही, बिलाच्या तारखेला चालू असावी लागते. २८ तारखेला बुक केलं, कर्ज ३ तारखेला मंजूर झालं, की गेली सूट. शोरूमला जायच्या आधी बँकेचं मंजुरीपत्र खिशात ठेवा. भाववाढीचंही तसंच, बिलाच्या दिवशीची किंमत लागते.

एकाच कंपनीच्या तीन डीलरांकडून त्याच व्हेरिएंटचं, त्याच रंगाचं कोटेशन घ्या. पण खालचा जीएसटी क्रमांक वाचा. कोथरूड, बाणेर, हडपसर अशी तीन शोरूम एकाच मालकाची असू शकतात, मग तिन्ही आकडे सारखेच येणार. तुलना विमा, वॉरंटी, ॲक्सेसरीज वगळून करा. एक्स-शोरूम, आरटीओ, वजा रोख सूट, एवढंच.

बोलायचा क्रम: आधी गाडीची किंमत पक्की, मग विमा, मग ॲक्सेसरीज, कर्ज शेवटी. "महिना किती भरू शकता?" हा प्रश्न पहिल्या दहा मिनिटांत येईल, त्याचं उत्तर देऊ नका. हप्त्यावर बोलणं गेलं की किंमत नजरेआड होते. एक्स्टेंडेड वॉरंटी मूळ वॉरंटी संपायच्या आत नंतरही घेता येते. उशिरा महाग पडते, पण आज घ्यावीच लागेल असं नाही.

दसऱ्याला डिलिव्हरीची रांग असते. त्या दिवशी कोणाला सूटही द्यायची नसते आणि गाडी नीट दाखवायलाही वेळ नसतो. पितृपक्षात शोरूम ओस पडलेले असतात, बोलणी तेव्हा करा. पैसे आणि पासिंग दसऱ्याच्या किमान आठवडाभर आधी होऊ द्या. प्लेट बसल्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नाही, आणि ऐन सणात प्लेटच अडकते. गाडी तोवर शोरूममध्ये उभी राहील. तोपर्यंतच्या ओरखड्यांची जबाबदारी डीलरची, हे लिहून घ्या.

डीलरने माल उधारीवर उचललेला असतो, त्यावर व्याज चढतं. म्हणून दोन-तीन महिने पडून असलेल्या गाडीवर जास्त सूट मिळते. घ्यायला हरकत नाही, पण उत्पादनाचा महिना माहीत असू द्या आणि त्या हिशेबाने कमी करून घ्या. मागच्या वर्षी बनलेली असेल तर विकताना वर्षभराचा फटका बसतो.

कोथरूडकर
खूप उपयोग झाला. हँडलिंग काढायला तयार झाले, आरटीओचं "पावतीप्रमाणे" म्हणाले. पण गाडी बघायची म्हटलं तर "पूर्ण पैसे भरा, मग स्टॉकयार्डमधून मागवतो" म्हणतात. बयाणा ११,००० दिला आहे.

तेल-पाणी
पूर्ण पैसे आणि नोंदणी झाली की गाडी तुमची. मग दरवाजा पुन्हा रंगवलेला निघाला तरी बदलून मिळत नाही, दुरुस्ती करून देतो म्हणतील. म्हणून मेल किंवा व्हॉट्सॲपवर लिहा: "चेसिस नंबर कळवा, गाडी स्टॉकयार्डमध्ये पाहीन, मान्य झाल्यावर उरलेली रक्कम त्याच दिवशी भरेन." बँकेचं मंजुरीपत्र जोडा, पैसे तयार आहेत हे दिसलं की बहुतेक वेळा नरमतात. तरीही नाहीच म्हणाले तर बयाणा परत मागा आणि दुसऱ्या डीलरकडे जा. बयाण्याची पावती डीलरच्या नावाची हवी, एक्झिक्युटिव्हच्या यूपीआयवर काही पाठवू नका. परत द्यायला टाळाटाळ झाली तर आधी गाडी कंपनीचं ग्राहक केंद्र, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

तपासणी उन्हात करा, संध्याकाळी ट्यूबलाइटखाली नाही. गाडी धुतलेली हवी. पॉलिश केलेली नको, बारीक ओरखडे लपतात.

पहिल्यांदा बॉडीवर ठोकलेला चेसिस नंबर, कंपनीची पट्टी आणि फॉर्म २२ (गाडी नियमांत बसते असं कंपनीचं प्रमाणपत्र) जुळवा. उत्पादनाचा महिना फॉर्म २२ वर असतो. ओडोमीटर काही दहा किलोमीटर दाखवतो ते ठीक, शंभराच्या वर असेल तर कारण विचारा. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३२५ म्हणजे २०२५ चा २३ वा आठवडा. टायर गाडीपेक्षा थोडे आधीचे असतातच. चारांतला एकच वेगळ्या ब्रँडचा किंवा बराच जुना असेल तर प्रश्न विचारा. सगळ्या काचांवरची कंपनीची खूण एकच असावी.

अपघात किंवा वाहतुकीतला मार ओळखायला बॉनेट, फेंडर आणि दरवाजांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग पान्याने उखडलेला असेल तर तो भाग उघडला गेला आहे. दरवाजाच्या रबरावर रंगाचे शिंतोडे म्हणजे पुन्हा रंगकाम. बंपर प्लास्टिकचा असल्याने त्याची छटा पत्र्यापेक्षा किंचित वेगळी दिसते, तेवढ्यावरून घाबरू नका. डाव्या-उजव्या फटी एकमेकींशी ताडून पाहा.

पडून राहिलेल्या गाडीत तीन गोष्टी बिघडतात. बॅटरी: इंजिन बंद असताना मीटरवर १२.४ व्होल्ट किंवा वर हवी. १२ च्या खाली असेल तर ती पूर्ण उतरलेली आहे, चार्ज करून देतो म्हटलं तरी नवीच मागा. वायरिंग: बॉनेटखाली उंदराच्या लेंड्या, कुरतडलेलं आवरण. टायर: एकाच जागी उभी राहून सपाट झाले असतील तर चालवताना थरथर जाणवते.

इग्निशन चालू केल्यावर एअरबॅग आणि एबीएसचे दिवे लागून इंजिन सुरू झालं की विझले पाहिजेत. मुळात लागलेच नाहीत तर तेही वाईटच. एसी, चारही काचा, वायपर, कॅमेरा, स्पीकर, दोन्ही किल्ल्या, स्टेपनी, जॅक, पाना. शेवटी पाइपने छतावर आणि दारांवर पाणी मारायला सांगा आणि आतलं कार्पेट हाताने दाबून बघा.

सगळ्याचा व्हिडिओ काढा, चेसिस नंबर त्यात स्पष्ट दिसू दे. मग "हा नंबर मान्य" किंवा दोषांची यादी, जे असेल ते त्याच मेलवर पाठवा. बिल, विमा आणि नोंदणी याच नंबरवर व्हायला हवी. बिल होण्याआधी त्याचा फोटो मागवून नंबर एकदा ताडून घ्या.

किटमधली सीट कव्हर घेणार असाल तर साइड एअरबॅगवाल्या सीटसाठीचीच घ्या, त्यांना बाजूला फुटणारी शिवण असते. साधं जाड कव्हर चढवलं तर एअरबॅग वेळेवर उघडत नाही. आणि वायर कापून बसवलेला हॉर्न किंवा दिवे नकोत, इलेक्ट्रिकलची वॉरंटी तिथेच नाकारतात. घ्यायचंच तर कपलरवाली जोडणी मागा.