पेपर सगळ्यांना खुला, पण बिल कोणाच्या नावावर?

आंबिया_बहार:
गेल्या आठवड्यात काटोलच्या एका बागायतदाराने मोबाइल माझ्यापुढे धरला. संत्र्यावरच्या डिंक्या रोगाचा पेपर, सारांशाच्या चार ओळी, खाली डॉलरमधली किंमत. "सर, हे माझ्याच झाडाचं ना?" त्याचंच. त्याच्या बागेतून मुळांजवळची माती आम्हीच नेली होती, आणि लेखक मी. मान वर करवेना.
म्हणून म्हणतो, संशोधन खुलंच छापावं. यात आपलाही स्वार्थ आहे. माझा प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे पीएचडीच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, फुकट आहे. त्याच्यावर विद्यार्थ्यांच्या जितक्या ईमेल येतात, तितक्या कुलूपबंद तीन पेपरांवर मिळून आल्या नाहीत. जो वाचूच शकत नाही तो संदर्भ काय देणार?

बर्डीचा_पोट्टा:
सर, फुकट कोणाले? मी तासिका तत्त्वावर शिकवतो. पेपर स्वीकारला म्हणून पेढे वाटले, मग एपीसीचा, म्हणजे खुलं छापायले लेखकाने भरायच्या पैशांचा, आकडा आला २,००० डॉलर. माझं वर्षाचं मानधन काढून पाहा. 'नेचर' जर्नलने तर २०२० मध्ये ९,५०० युरो जाहीर केले होते. टोलनाका उठला नाही, वाचकाकडून लेखकाकडे सरकला, बस.
आणि ते 'ग्रीटिंग्ज ऑफ द डे' अशा ईमेल टाकून पैशांसाठी पेपर मागणारे जर्नलवाले? चार दिवसांत पीअर रिव्ह्यू, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासणी, करून देतात. मी कापसावर काम करतो, परवा दंतवैद्यकाच्या जर्नलने पेपर मागितला. खुल्याच्या नावाखाली हेच चालू आहे.

रामदासपेठ_कट्टा:
हा वाद आता जुना झाला. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' आलं ना, जर्नलांची वर्गणी सरकारच एकत्र भरतं. ३ वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशक, जवळपास १३,००० जर्नलं. बसा वाचत.

आंबिया_बहार:
@रामदासपेठ_कट्टा ते सरकारी संस्थांपुरतं. काटोलची बाग त्यात येते का? विनाअनुदानित कॉलेजातला प्राध्यापक? आणि मंजुरी २०२५ ते २०२७ ची आहे. वर्गणी थांबली की दार बंद.

निवृत्त_ग्रंथपाल:
तुम्ही दोघंही खुलं म्हणजे पैसे भरून छापलेलं, असंच धरून चालला आहात. हिरवा मार्ग नावाचा प्रकार आहे, त्याला छदाम लागत नाही. पेपर नेहमीच्या जर्नलमध्येच द्यायचा. परीक्षकांच्या दुरुस्त्या होऊन स्वीकारला गेलेला, पण प्रकाशकाने अजून पानं न लावलेला जो मजकूर असतो, तो रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांना खुल्या ऑनलाइन संग्रहात, ठेवायचा. बरेच प्रकाशक याला परवानगी देतात; कोणी सहा महिने, कोणी वर्षभर थांबायला लावतं, एवढंच. डीबीटी आणि डीएसटी या केंद्राच्या जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४ च्या धोरणात त्यांच्या पैशांवर झालेल्या कामासाठी हेच सांगितलं आहे. मी नोकरीत असताना विभागाविभागांत जाऊन ओरडत होतो. पदोन्नतीच्या फाइलसाठी पेपरच्या पाच झेरॉक्स काढतील, पण ही एक फाइल कोणी देणार नाही! आंबिया_बहार, तुम्ही ठेवली होती का?

बर्डीचा_पोट्टा:
ठेवायची कुठं पण? आमच्या कॉलेजची साइट आठवड्यातून दोन दिवस झोपलेली असते.
आणि काटोलवाले काका इंग्रजी पेपर घेऊन करणार काय?

निवृत्त_ग्रंथपाल:
झेनोडो नावाच्या रिपॉझिटरीवर ठेवा. सर्न ही युरोपातली संशोधन संस्था चालवते, फुकट आहे, डीओआय म्हणजे कायमचा ओळख क्रमांकसुद्धा मिळतो. आधी जर्नलची अट वाचा. प्रकाशकाची छापील पीडीएफ मात्र चढवू नका, ती तुमची नाही.

आंबिया_बहार:
काकांची मुलगी बीएस्सी अ‍ॅग्रीला आहे, पेपर तीच उघडत होती.
एपीसीचं तुझं म्हणणं मान्य. तेवढे पैसे मीही भरले नसते.
@निवृत्त_ग्रंथपाल नव्हती ठेवली. आता शोधली. जर्नलची मुदत वर्षाची होती, ती कधीच उलटली. जुन्या पेनड्राइव्हवर 'फायनल_फायनल_३' सापडली, पण आकृती २ गायब. सहलेखकाला फोन लावलाय, तो लग्नात आहे. रात्री पाठवतो म्हणाला.

बर्डीचा_पोट्टा:
चढवली की लिंक टाका सर. मले पण पाहिजे.