नवतप्यात (मेअखेरचे ते कडक उन्हाचे नऊ दिवस) नागपूर ते चंद्रपूर बाईकवर, जमेल का?

पुण्याचा_पाहुणा: मंडळी, 27 मेला चंद्रपूरला मावसभावाचं लग्न आहे, दुपारी 12 चा मुहूर्त. नागपूरपर्यंत रेल्वेने येतोय, पुढे दादाची 150 सीसी घेऊन बुटीबोरी-जाम-वरोरा असं जायचं म्हणतोय, दीडशे किमीच्या आसपास आहे. आई म्हणते गुपचूप एसटीने जा. माझं जॅकेट काळं आणि जाड आहे, ते काढून नुसत्या टीशर्टवर गेलो तर वारा लागून गार वाटेल ना?

चांद्याचा_भाऊ: बापा, टीशर्टवर येऊन राहिला का तू? पुण्यात वारा गार लागते, इथं 45 ला तो भट्टीतून आल्यासारखा लागते. हवा अंगापेक्षा गरम असली की वाऱ्यानं अंग तापतेच, अन् घाम लागल्या लागल्या वाळते त्यामुळे आपल्यातून किती पाणी गेलं ते समजतच नाही. फुल बाह्यांचा सुती शर्ट ओला करून घाल, वरून जॅकेट, डोक्याला-मानेला ओला शेला आणि वर हेल्मेट. शेला अर्ध्या तासात पापडासारखा कडक होते, मंग थांबायचं, पुन्हा भिजवायचा. हातमोजे पायजेच. अन् पहाटे 5 ला निघ, 9 च्या आत मांडवात.

उन्हाळी_रायडर: भाऊ म्हणतो ते ओल्या शर्टाचं विदर्भातल्या कोरड्या हवेतच चालतं हां, मुंबई-कोकणात दमटपणामुळे शर्ट नुसता चिकटतो. माझा किस्सा सांगतो, दोन वर्षांपूर्वी वरोऱ्याच्या अलीकडे भर दुपारी मला चक्क थंडी वाजायला लागली, अंगावर काटा, आणि मी येडा मनात म्हणतोय वा आता बरं वाटतंय. गिअर कितवा आहे तेच कळेना. नशिबाने रसवंती दिसली, तिथल्या मावशींनी डोक्यावर कळशी ओतली. तर काटा आला, डोकं दुखलं, मळमळलं की सावली बघून थांबायचंच. आणि कुणी बरळायला लागलं तर पाणी पाजत बसू नका, अंग भिजवा, वारा घाला आणि 108 ला फोन. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटरमध्ये टाकायचं, अर्ध्या ग्लासात कालवून नाही. खिशातला कांदा ठेवा हवं तर, पण पाण्याच्या बाटलीची जागा तो घेत नाही.

गॅरेजवाला: गाडीचं कोणी बोललंच नाही. ऑइल लेव्हल बघ, एअरकूल्ड इंजिन सिग्नलला उभं राहूनच जास्त तापतं. टायरची हवा निघायच्या आधी, थंड असताना बघायची. वाटेत वाढलेली दिसली म्हणून काढायची नाही.

पुण्याचा_पाहुणा: जॅकेट घालतो, पहाटे 5 फिक्स. पण परत त्याच दिवशी निघायचंय, जेवण करून 3 ला निघालो तर?

चांद्याचा_भाऊ: 3 ला नको रे, ऐन उन्हाचा टाइम. संध्याकाळी 6 लाही डांबरातून झळा येतातच. मुक्काम कर न, लग्नघरी एक गादी मिळंल तुले.