मुलांचा तबल्यावरचा 'ना' बद्द वाजतो, निकास (बोल काढायची पद्धत) कसा सुधारायचा?

ठेका_चिपळूण:
माझ्याकडे दहा-बारा वर्षांची मुलं तबला शिकतात. 'धाधातिट धाधातूना' हा कायदा (ठरावीक बोलांची रचना) दुगुणीत (दुप्पट लयीत) न चुकता वाजवतात, पण आवाज पाटावर बोटं आपटल्यासारखा. 'ना'ला आस (मागे रेंगाळणारा नाद) नाही, डग्ग्यावर (डाव्या हाताच्या वाद्यावर) 'घे'चा नुसता 'ढप'. "हलक्या हाताने वाजव" म्हटलं की आवाज बारीक होतो, गोड होत नाही. पालकांचं लक्ष परीक्षेकडे. तुम्ही काय करता?

जुना_डग्गा:
आधी वाद्य बघा. तुमच्याकडे पावसाळ्यात पुडी (वरचं कातडं) सुरातून उतरणारच. उतरलेल्या तबल्यावर पोरं आवाजासाठी जोर लावतात आणि तो जोर हाताला कायमचा चिकटतो. पुडीच्या कडेची सोळाही घरं सुरात मिळवून द्या, मगच बसवा. (क्लासातला सर्वात खराब तबला नवशिक्याच्याच पुढ्यात का ठेवतात, देव जाणे. जाणता कशावरही निभावून नेईल.)

मग अनामिका. बहुतेक पोरं ती शाईच्या (पुडीवरच्या काळ्या गोलाच्या) कडेला दाबून धरतात. ती नुसती टेकवायची असते. मी कायदा बंद करतो आणि 'तू' आणि 'ना' आलटून पालटून वाजवायला लावतो, अगदी ठाय (संथ) लयीत. 'तू'ला अनामिका उचललेली, त्यामुळे खालचा भरदार सूर मोकळा सुटतो. 'ना'ला ती टेकली की तो सूर जातो आणि वरचा स्वच्छ सूर उरतो. एकाची आस विरेपर्यंत दुसरा बोल वाजवायचा नाही. आस आलीच नाही तर एवढंच विचारायचं, "कोणतं बोट अजून पुडीवर आहे?" उत्तर त्याचं त्याने शोधायचं. बहुतेकदा ती तर्जनी असते, चाटेवर (पुडीच्या काठाच्या पट्टीवर) पडून तिथेच बसलेली.

शाईवाला:
सी. व्ही. रामन यांनी याच विषयावर १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिलं होतं. साध्या ताणलेल्या कातड्याचे वरचे सूर एकमेकांशी जुळत नाहीत. मधल्या शाईच्या वजनामुळे ते जुळतात. अनामिका टेकल्यावर जातो तो मूळ सूर. तेव्हा शाई उडालेली पुडी असेल तर पोराला बोल लावू नका, आधी पुडी बदला.

ठेका_चिपळूण:
एका तबल्याची शाई खरंच तडकली आहे. आणि डग्ग्याचं?

जुना_डग्गा:
'ढप' येतो कारण मनगटाचा भार आघाताच्या आधीच पडतो. तळहाताची टाच मैदानावर (शाई आणि काठ यांच्या मधल्या भागावर) अलगद टेकलेली, बोटं कमानीत, टोकांनी मारून लगेच वर. सरळ, गोल 'घे' येईपर्यंत दाब-घिस्सा (तळहात दाबून, घासून सूर वर-खाली करणं) काही शिकवू नका. पोरांना तेच आधी हवं असतं, कारण कार्यक्रमात त्यालाच टाळी पडते.

ठेका_चिपळूण:
म्हणजे महिनाभर कायदा बंद. पालकांना काय सांगू?

जुना_डग्गा:
सांगू नका. एकाच तबल्यावर त्यांच्या मुलाचा 'ना' ऐकवा, मग तुमचा.