'टेंटेड कर्नल'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (दादर): ऑफिसात लिनक्सचे नवे आरसी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, पक्क्या होण्याआधीच्या चाचणी आवृत्त्या) तपासतो. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर कंपनीचा, बंदिस्त. तो चढला की कर्नल 'टेंटेड' (शब्दशः डागाळलेला) झाल्याची ओळ लॉगमध्ये येते. नव्या मुलांसाठी सूचना मराठीत लिहितोय. 'दूषित' लिहिलं की त्यांना व्हायरस शिरल्यासारखं वाटतं. दुसरा शब्द सुचवा.

उत्तर: 'दूषित' नकोच, कारण कर्नल बिघडलेला असतोच असं नाही. ज्याचा सोर्स (मूळ कोड) बघता येत नाही असं मॉड्यूल (कर्नलला जोडला जाणारा तुकडा, इथे तुमचा ड्रायव्हर) आत आलं, एवढंच तो टिपून ठेवतो. पुढे कर्नल कोसळला तर अहवालात 'पी' (प्रोप्रायटरी, म्हणजे बंदिस्त) हे अक्षर दिसतं आणि कर्नलवाले म्हणतात, हे मॉड्यूल न चढवता तोच बिघाड दाखवा. त्यांचं बरोबरच आहे. ते मॉड्यूल कर्नलच्याच मेमरीत चालतं, कुठेही काहीही लिहू शकतं; मग चूक कुणाची, हे शोधणार कसं? मॉड्यूल काढून टाकलं तरी नोंद जात नाही, रीबूटच करावं लागतं.

'बाटलेला', 'विटाळलेला' हे तर मुळीच नकोत. माणसांना दूर ठेवण्यासाठी वापरलेले शब्द आहेत ते. 'डागी' जवळचा वाटतो, पण क्रॉफर्ड मार्केटात डागी म्हणून बाजूला काढलेला हापूस खरंच खराब असतो. मी 'शेरा' म्हणेन. फाइलीवर शेरा पडतो तसा कर्नलवर शेरा पडला. कर्नल हीच नोंद आकड्यातही ठेवतो, त्यालाही हा शब्द चालतो: 4097 म्हणजे दोन शेरे, बंदिस्त मॉड्यूलचा 1 आणि कर्नलच्या झाडाबाहेरच्या (त्याच्या मूळ सोर्समध्ये नसलेल्या) मॉड्यूलचा 4096.

दुसरं उत्तर (ठाणे): शेरा पटला, पण तो नुसता कागदी समजू नका. 'पी' पडला की कर्नल लॉक डीबगिंगही (आतल्या लॉकच्या वापरातल्या चुका पकडणारी तपासणी) बंद करतो. नवा कर्नल तपासताना नेमकं तेच हवं असतं.

प्रश्नकर्ता: मग 'बंदिस्त कर्नल' म्हटलं तर?

उत्तर: नाही, बंदिस्त असतो तो ड्रायव्हर. ग्राफिक्स कार्डवाल्या एनव्हिडियाने मे 2022 मध्ये कर्नल मॉड्यूलचा सोर्स खुला केला. ती खुली मॉड्यूल चढवली तर 'पी' पडत नाही, पण झाडाबाहेरची म्हणून 4096 पडतोच. सूचनेत सरळ लिहा: 'अहवाल पाठवण्याआधी कर्नलवरचा शेरा बघा. पी असेल तर बंदिस्त ड्रायव्हर न चढवता रीबूट करा, नूवोवर (एनव्हिडिया कार्डांसाठी कर्नलमध्येच असलेल्या खुल्या ड्रायव्हरवर) तीच चाचणी पुन्हा घ्या.'