मदत हवी आहे: रत्नागिरीतल्या जुन्या पाखाड्या पुन्हा चालत्या कशा करायच्या?

नमस्कार मंडळी,

रत्नागिरी ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक असेल, शहराचा बराचसा भाग वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर आहे आणि बाकीचा खाली, समुद्राच्या आणि भाट्याच्या खाडीच्या पातळीला. गाडीरस्ते वळसे घेत उतरतात. पाखाड्या मात्र सरळ उतरतात: जांभ्या चिऱ्याच्या पायऱ्या, दोन्ही हातांना गडगे (दगडी कुंपणाच्या भिंती), वर आंब्याफणसाची सावली. भर वैशाखातही तिथून चालताना ऊन लागत नाही.

आमच्या भागातली अशी एक पाखाडी वरच्या रिक्षा स्टॉपपासून खालच्या वठारात (वस्तीत) उतरते. (वाडीचं नाव मुद्दाम देत नाही. शेजाऱ्यांचा प्रश्न आहे आणि मला तो शेजारधर्म राखूनच सोडवायचा आहे.) खाली शाळा, मच्छीबाजार, बँक, दवाखाना. पूर्वी वरच्या लोकांचं रोजचं येणंजाणं याच वाटेनं होतं. आता वरच्या तोंडाशी लोखंडी फाटक बसलं आहे. मधल्या टप्प्यात चिरे निखळलेत आणि पावसात कोणाच्या तरी न्हाणीचं पाणी पायऱ्यांवरून वाहतं. खालच्या तोंडाशी बांधकामाचे चिरे आणि वाळू पडून आहे, दोन स्कूटर कायमच्या उभ्या असतात. त्यामुळे शाळेतली मुलं रिक्षात कोंबून जातात, म्हाताऱ्या माणसांना पायी जायचं तर पदपथ नसलेल्या उताराच्या रस्त्यावरून जावं लागतं, डंपर आणि बस अंगावरून जातात. मासळी घेऊन वर येणाऱ्या बाया तोच वळसा डोक्यावर टोपली घेऊन चालतात.

फाटक बसवणाऱ्या काकांशी मी बोलले आहे. त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. संध्याकाळनंतर तिथे पोरं दारू प्यायला बसत, बाटल्या त्यांच्या आगरात (बागेत) पडत, आणि आंब्याच्या दिवसांत गडग्यावरून हात घालून फळ तोडलं जाई. वाट वापरात होती तेव्हा कुणी ना कुणी सतत येत-जात असे, म्हणून तिथे बसायची कोणाची हिंमत होत नव्हती. लोक चालेनासे झाले आणि मग हे सगळं सुरू झालं, असं मला वाटतं. म्हणजे फाटक उघडून घेतलं आणि चालायला कोणी आलंच नाही, तर काकांचा त्रास तेवढा वाढेल. म्हणून मला दोन्ही गोष्टी बरोबरीनं करायच्या आहेत: वाट मोकळी करणं आणि तिच्यावर रोज पावलं पडतील असं काहीतरी उभं करणं.

नगर परिषदेकडे अजून अर्ज केलेला नाही. कागद नीट हातात घेऊनच जायचं आहे. ही पाखाडी सरकारी नकाशावर असेल तर ती कुठल्या नकाशावर, कुठल्या कार्यालयात बघायची? ती खाजगी जागेतून जात असेल, पण लोक पिढ्यान्‌पिढ्या चालत आले असतील, तर हक्काचं काय होतं? काकांकडून लेखी संमती घ्यावी असा माझा विचार आहे, तो योग्य आहे का?

दुसरं सायकलचं. वाडीतल्या मुलामुलींना सायकली आहेत, पण चढामुळे त्या पोर्चमध्येच गंजतात. खाली एकदा उतरलं की मांडवीची जेट्टी, भाट्याचा पूल आणि पुलापलीकडचं सुरूबन, सगळं सायकलनं सहज होण्यासारखं आहे. वर सड्यावरही थिबा राजवाड्याच्या बाजूला बऱ्यापैकी सपाट आहे. मधली पाखाडी तेवढी आड येते. पायऱ्या मोडून उतार करावा असं काहीजण सुचवतात. मला ते मुळीच पटत नाही, पण माझ्याकडे दुसरा उपायही नाही.

आणि तिसरं, डागडुजी. "वरून काँक्रीट ओता, विषय संपला" हा सल्ला रोज ऐकते आहे. दुसऱ्या एका पाखाडीवर तसं केलेलं पाहिलं आहे आणि जुलैत तिथे पाय ठेवायची भीती वाटते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याचा विचार करून पायऱ्या कशा बसवायच्या?

कोकणात किंवा कुठेही कुणी असं काम केलं असेल, तर कृपया सविस्तर लिहा.

– सड्यावरची


प्रतिसाद १ – वहिवाट

ताई, वकिली करतो, सिंधुदुर्गात. मुद्द्याचं सांगतो.

आधी नकाशा. शहर हद्दीत असाल तर नगर भूमापन कार्यालयातून त्या पट्ट्याचा नकाशा आणि दोन्ही बाजूंच्या मिळकत पत्रिका काढा. भूमी अभिलेख कार्यालयातून जुना गाव नकाशाही काढा, कारण शहर वाढण्याआधीची वाट पुष्कळदा तिथेच सापडते. गाव नकाशात पायमार्ग एकेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं. ती एक रेषा सापडली तर तुमचं अर्धं काम झालं.

रेषा नसेल आणि जागा खाजगी असेल, तर १८८२ चा इझमेंट ॲक्ट, म्हणजे दुसऱ्याच्या जागेतून जाण्यासारख्या वहिवाटीच्या हक्कांचा कायदा. वीस वर्षं उघडपणे, बिनविरोध, अखंड आणि हक्क म्हणून वापर असेल तर वहिवाटीचा हक्क मिळू शकतो. पण तो वापर दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेला असावा लागतो. म्हणजे अडथळा झाल्यावर वर्षानुवर्षं गप्प बसलात तर हक्क हातचा जातो. फाटक नेमकं कधी बसलं ते आजच लिहून ठेवा, फोटो असतील तर जपा.

लेखी संमतीबद्दल सावध राहा. "आम्हाला जाऊ द्या" अशी परवानगी मागितली की वापर हक्कानं नव्हे, परवानगीनं होता असं समोरचा उद्या म्हणू शकतो. कागद करायचाच तर "ही वाट पूर्वीपासून सर्वांच्या वापरात आहे" हे त्यात स्पष्ट यायला हवं. मसुदा स्थानिक वकिलाला दाखवून घ्या.

वाट कोणाच्या कलमांच्या बागेत किंवा शेतात जात असेल, तर तहसीलदारांकडे मामलतदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली जाता येतं. तिथे मुदत अडथळ्यापासून फक्त सहा महिन्यांची. निव्वळ घरांकडे जाणाऱ्या वाटेला हा मार्ग चालत नाही.

मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पदपथ वापरण्याचा हक्क घटनेच्या कलम २१ मध्ये (जगण्याच्या हक्कात) येतो असं म्हटलं आहे. नगर परिषदेच्या अर्जात त्याचा उल्लेख जरूर करा. खाजगी जागेचा वाद मात्र त्यानं सुटणार नाही.


प्रतिसाद २ – चिरेबंदी

माझे वडील गवंडी, मीही तेच करतो.

काँक्रीट नको, तुमचं बरोबर आहे. जांभा पाणी पितो, काँक्रीट पीत नाही. वर पातळ थर ओतला की पाणी त्यावरून घसरत जातं, शेवाळ धरतं, आणि दोन पावसाळ्यांत थराखालची माती वाहून गेली की तो पोकळ वाजायला लागतो.

आधी पाणी वळवा, पायरी नंतर. न्हाणीचं पाणी पाइपनं काढा. पाखाडीच्या एका अंगाला चिऱ्याची पन्हळ करा आणि प्रत्येक पायरीला त्या अंगाकडे किंचित उतार द्या. निखळलेले चिरे फेकू नका. जुना चिरा हवा लागून टणक झालेला असतो, खाणीतून आलेला नवा मऊ असतो. पायरीच्या पुढच्या कडेला जुना घाला, नवा मागे. वरच्या अंगाला टाकी मारून खरबरीत करा, गुळगुळीत तासलेली पायरी पावसात माणूस पाडते. शेवाळासाठी पावसाळ्यात अधूनमधून ब्लिचिंग पावडर टाकून ताठ खराट्यानं घासायची, दुसरा इलाज नाही.

काम शिमगा ते मे या काळात उरका. आणि गडग्याच्या फटीत उघडा हात घालू नका. फुरसं (विषारी साप) तिथेच असतं. चिरे हलवताना काठी आणि बूट पाहिजेतच.


प्रतिसाद ३ – दोन चाकं

पायऱ्या मोडू नका! पायऱ्यांच्या कडेला सायकल ढकलत न्यायची अरुंद पन्हळ करतात, चाक बसेल एवढी. रेल्वेच्या जिन्यांवर काही ठिकाणी पाहिली असेल. चिरेबंदी म्हणतात त्या पाण्याच्या पन्हळीच्या विरुद्ध अंगाला करा, नाहीतर पावसात चाक पाण्यात. भिंतीपासून वीतभर तरी लांब, म्हणजे हँडल गडग्याला घासत नाही. वर चढवताना लहान मुलांना जड जातं, खाली नेताना ब्रेक धरून चालायचं हे आधी शिकवा.

भाट्याच्या ओल्या वाळूवर सायकल घालायचा मोह मुलांना होणारच. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुऊन चेनला तेल, नाहीतर खारं पाणी चेन खातं.

आणि पाखाडी ओपनस्ट्रीटमॅपवर (इंटरनेटवरच्या खुल्या नकाशावर) टाका, पायऱ्या म्हणून. कुणालाही फुकट टाकता येते. बाहेरच्या माणसाला वाट आहे हेच माहीत नसतं.


प्रतिसाद ४ – कलमवाला

देवगडहून. फाटकवाल्या काकांची बाजू मांडतो, कारण माझीही बाग वाटेला लागून आहे.

आम्ही शेवटी असं ठरवलं: फाटक राहील, कुलूप नाही. आतून-बाहेरून उघडणारी कडी. दिवेलागणीला मी ओढून घेतो, पहाटे उघडतो. आंब्याच्या दिवसांत वाडीतली पोरं आळीपाळीनं संध्याकाळी चक्कर मारतात. वर आणि खाली एकेक दिवा लागला तेव्हापासून बाटल्या बंद झाल्या.

एक विचारा तुमच्याकडच्या जुन्या माणसांना: शिमग्यात पालखी कुठल्या वाटेनं यायची? ती जर या पाखाडीनं येत असेल, तर काका पालखीला कधीच अडवणार नाहीत. पालखीच्या आधी वाट साफ करायला सगळी वाडी उतरते, त्यासाठी कुणाला सांगावं लागत नाही. श्रमदानाचा दिवस तोच धरा. वकीलसाहेबांना हवा असलेला वापराचा पुरावाही त्यातून मिळेल.


सड्यावरची

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलानं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

कलमवाला दादा, काल सासूबाईंना विचारलं. पालखी याच पाखाडीनं वर यायची, आणि काकांच्या अंगणात तिची ओटी भरली जायची. मधल्या पायऱ्या निखळल्यापासून ती गाडीरस्त्यानं येते. काकांकडे आज संध्याकाळी सासूबाई स्वतः जाणार आहेत. कुलपाऐवजी कडी आणि वर-खाली दिवा, एवढंच बोलायचं ठरलं आहे. कागदाचा विषय आत्ता काढणार नाही.

वहिवाट दादा, फाटक गणपतीनंतर बसलं, गौरीगणपतीच्या फोटोंमध्ये मागे ते दिसत नाही. ते फोटो बाजूला काढून ठेवले. काकांच्या आगरात हापूसची कलमं आहेत आणि पाखाडी त्यांच्या कडेनं जाते, पण खाली पोचते ती घरांकडे. अशा मिश्र वाटेला कलम ५ लागतं का, एवढं सांगाल? सहा महिने संपायला फार दिवस उरलेले नाहीत. तिथे जाण्याची वेळ येऊ नये अशी इच्छा आहे, तरी मुदत हुकायला नको.

नगर भूमापनचा अर्ज सोमवारी देते. चिरेबंदी दादा, तुम्ही रत्नागिरीच्या आसपास असाल तर एकदा येऊन पायऱ्या बघाल का? कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. मजुरी आम्ही वाडीतून जमवू.