मदत हवी आहे: टॉर्चच्या बॉडीसाठी सात सुती (७/८ इंची) नळी आणि बारीक आटे

नमस्कार मंडळी,

मुक्काम यवतमाळ जिल्हा, दारव्ह्याकडे. रब्बीत थ्री-फेज लाईन रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला जावंच लागतं, आणि बांधावर रानडुकरं नाहीतर साप हे ठरलेलं. बाजारातली प्लॅस्टिकची टॉर्च एकदा पाइपावर आपटली की संपली. म्हणून एका १८६५० (१८ मिमी जाड, ६५ मिमी लांब, चार्ज होणाऱ्या लिथियम) सेलवर चालणारी, धातूच्या बॉडीची टॉर्च करतोय. एलईडी, ड्रायव्हर (तिला करंट देणारं सर्किट), काच सगळं आणून ठेवलंय. अडलंय ते नळीपाशी.

सेल म्हणायला १८ मिमीचा, पण कॅलिपर लावला तर साडेअठराच्या आसपास भरतो. म्हणजे आतून १९ हवेत. तालुक्याला हार्डवेअरवाल्याकडे पाऊण इंची पाइप आहे, पण तो बाहेरूनच १९! एक इंची मिळतो तो पडद्याचा, पातळ पत्र्याचा. त्यावर आटे पाडले तर उरणार काय? हिशोबाने सात सुती, १६ गेजची अॅल्युमिनियम नळी नेमकी बसते: बाहेरून २२.२, जाडी १.६, आत १९. ती वीतभर कापून कोण देईल?

दुसरी अडचण लेथची. आमचा लेथवाला ट्रॅक्टरच्या बुश आणि पंपाचे शाफ्ट करणारा, हात चांगला आहे. पण चकात (लेथच्या पकडीत) घट्ट आवळली की नळी अंडाकृती होते, सैल ठेवली तर आटे पाडताना फिरते. माप बघून त्याने आधी हेच विचारलं, ‘‘हे त्या धुराच्या नळीचं तं नाही ना, भाऊ?’’ प्रश्न रास्त आहे, ई-सिगारेट बनवण्यावर २०१९ च्या कायद्याने बंदी आहे. तेव्हा इथेही कोणी तो विषय काढू नये.

भंडाऱ्याकडून पितळ आणावं का, असंही मनात आहे. कापायला ते झकास, पण वजन अॅल्युमिनियमच्या तिप्पट.

प्रतिसाद (नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी, लेथचंच काम):
भाऊ, नळीचा नाद सोडा. २५ मिमीचा भरीव रॉड घ्या, १८ चं ड्रिल मारून बोअरिंगने (लेथवर भोक आतून वाढवून) १९ करा. चकात दबायचा प्रश्नच नाही, बाहेरचे आटे आतून पोकळ करायच्या आधीच पाडून घ्यायचे. अॅल्युमिनियमचा माल ६०६१ टी६ या ग्रेडचा मागा. खिडक्यांच्या सेक्शनचं ६०६३ मऊ, हत्याराला चिकटतं. रॉकेल सोडत राहा. नळीच वापरायची तर आत घट्ट लाकडी गुटी ठोकून मग चक आवळा. पितळ नको, एलईडीची उष्णता अॅल्युमिनियम जास्त चांगली ओढतं. स्टेनलेसचं तर नावच काढू नका.

दुसरा प्रतिसाद:
प्रोटेक्टेड (सुरक्षेचं सर्किट लावलेला) सेल घेणार असाल तर लांबी ६५ धरू नका, तो ६८ ते ७० भरतो. जुन्या लॅपटॉपमधला काढलेला सेल तर टाकूच नका. अॅनोडायझिंग (अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा कडक थर चढवणं) केलं तर दोन्ही टोकांचे आटे कोरे ठेवायला सांगा; त्या थरातून करंट जात नाही, आणि निगेटिव्ह तर बॉडीतूनच जाणार.

धागाकर्ता:
आभारी आहे. म्हणजे भरीव रॉडच. हा २५ मिमीचा तुकडा नागपूरच्या इतवारीत लोहा ओळीत वजनावर मिळेल, की त्यासाठी हिंगण्यालाच यावं लागेल? आणि आटे १ मिमी पिचचे (दोन आट्यांत १ मिमी अंतर) पाडायचे, तर आमच्याकडची लेथ इंची आहे. त्याला गिअर बदलून जमेल का?