चार वर्षांच्या मुलीचं इसब: मलम किती, आधी कोणतं, बंद कधी?

सईची_आई
दोन्ही कोपरांच्या आतल्या घडीत आणि गुडघ्यांच्या लवणीत इसब आहे, डाव्या पापणीवरही थोडं. त्वचारोगतज्ज्ञांनी दिलंय: हातापायांना फ्लुटिकासोन ०.०५% क्रीम (हे स्टेरॉइड) रात्री एकदा, पापणीला टॅक्रोलिमस ०.०३% दोनदा, अंगभर मॉइश्चरायझर. चिठ्ठीवर 'पातळ थर' एवढंच लिहिलंय. पातळ म्हणजे किती? चार दिवसांत खाज थांबते, मलम बंद केलं की आठवड्यात पुन्हा हजर. सासूबाई म्हणतात, स्टेरॉइडची सवय लागली.

मलमपट्टी
मापापुरतं सांगतो. तुमच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या घडीपर्यंत, ट्यूबची सलग रेघ पिळा. (तुमच्या बोटावर, मुलीच्या नव्हे.) ती साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या दोन पंजांएवढी जागा, बोटं धरून, त्यात भागते. तिच्या चारही घड्या मिळून बहुधा तेवढ्याच असतील. म्हणजे रात्री एक पेर, चारही घड्यांत वाटून. या हिशेबाने १५ ग्रॅमची ट्यूब ३० रात्री जाते. रोज लावूनही तीन महिने पुरली, तर मलम कमी पडतंय.

मॉइश्चरायझरला मात्र हात आखडू नका. या वयात कोरडेपणा जास्त असेल तर आठवड्याला २५० ग्रॅमही लागतं. ५० ग्रॅमची नळी महिनाभर पुरवतात, तिथेच घोडं अडतं. महागडंच हवं असं नाही, बिनवासाची साधी पेट्रोलियम जेली चालते. उन्हाळ्यात चिकचिक होते, म्हणून दिवसा क्रीम आणि रात्री जेली. डब्यातून चमच्याने काढा, बोटं बुडवू नका.

त्वचावैद्य
ही सवय नाही, अर्धवट थांबवणं आहे. खाज आधी जाते, कातडीतली सूज मागाहून. म्हणून डोळ्यांपेक्षा बोटांवर भिस्त ठेवा: डोळे मिटून घडीवरून बोट फिरवा. खरखरीत किंवा जाड लागतंय तोवर रोज लावा, गुळगुळीत लागल्यावर आणखी दोन दिवस. आपल्या सावळ्या कातडीवर मागे काळसर सपाट डाग राहतो, तो जायला काही महिनेही लागतात. त्याच्यावर स्टेरॉइड चोळत बसू नका. त्याच जागी सारखं उलटत असेल तर बरं झाल्यावरही आठवड्यातून दोन रात्री, शनिवार-रविवार म्हणा, तिथेच लावायची पद्धत आहे. तुमच्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. दोन आठवडे नीट लावूनही फरक नाही, तर ट्यूब वाढवू नका, मुलीला पुन्हा दाखवा.

क्रम: कोमट पाण्याने ५-१० मिनिटं आंघोळ, टॉवेलने टिपणं (घासणं नाही), अंग दमट असतानाच मॉइश्चरायझर. २०-३० मिनिटांनी स्टेरॉइड. आधी कोणतं यावर डॉक्टरांतही एकमत नाही. मधलं अंतर ठेवा, नाहीतर स्टेरॉइड पसरून पातळ होतं आणि निरोगी कातडीवर जातं.

बेसन, उटणं आणि मोहरीचं तेल बंद. खोबरेल चालेल.

सईची_आई
टॅक्रोलिमस लावलं की ती रडते. शिवाय मांडीवर एक गोल चट्टा आलाय. मेडिकलवाल्याने 'सगळ्यावर चालतं' म्हणून वेगळीच ट्यूब दिली, त्यावर चार औषधांची नावं आहेत.

त्वचावैद्य
जळजळ सुरुवातीचे काही दिवस होते, मग ओसरते. पापणी पूर्ण कोरडी असताना लावा, ट्यूब आधी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवा. पापणीची कातडी या औषधाने पातळ होत नाही, म्हणून तर तिथे स्टेरॉइडऐवजी हे दिलंय.

मलमपट्टी
ती ट्यूब लावू नका. अशा मिश्रणांत बहुतेकदा क्लोबेटासोल असतं, म्हणजे सर्वांत तीव्र गटातलं स्टेरॉइड. जोडीला बुरशीचं आणि जंतूंचं औषध. चट्ट्याची कड उठलेली, खवलेदार आणि मधला भाग साफ असेल तर ते गजकर्ण असण्याची शक्यता जास्त. स्टेरॉइडने खाज दबते, बुरशी पसरत राहते आणि पुढे कडही पुसट होऊन निदान चुकतं. आधी कडेचे खवले खरवडून त्यात बुरशी आहे का, ही पोटॅशियम हायड्रॉक्साइडची तपासणी करून घ्या. अशी स्टेरॉइड मलमं २०१८ पासून शेड्यूल एचमध्ये आहेत, चिठ्ठीशिवाय द्यायचीच नाहीत.

त्वचावैद्य
एक राहिलं. पिवळ्या मधासारख्या खपल्या धरल्या किंवा लस वाहू लागली तर जंतुसंसर्ग समजा आणि एक-दोन दिवसांत दाखवा. ताप येऊन एकसारख्या बारीक, दुखऱ्या फोडांचे घोस उठले तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.